जाऊन बघणाऱ्या माणसाची नोंद

तीन कार्डं नाकारून झाली होती. गायके सरांनी चौथं माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, हेही तुम्हीच नाकारून टाका, म्हणजे खंड एकदाचा प्रेसला जाईल.

आमच्या जिल्हा चरित्रकोशाचा हा तिसरा खंड. चरित्रकोश म्हणजे जिल्ह्यातल्या नावाजलेल्या माणसांची थोडक्यात माहिती देणारं पुस्तक. एका माणसाची माहिती म्हणजे एक नोंद. नोंदीच्या आधी त्या माणसाचं कार्ड बनतं: नाव, गाव, काम आणि खाली पुरावे. सर मुख्य संपादक, निवृत्त प्राचार्य. मी सहसंपादक. त्याआधी तीस वर्षं नगरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. दोघांनाही दुसरा उद्योग नाही, त्यामुळे काम चोख होतं.

या खंडात समितीतल्या एका तरुण सदस्याने नवीन प्रकार सुचवला होता. इंटरनेट नवीन असताना त्यावर गाजलेली जिल्ह्यातली माणसं. आम्ही वर्तमानपत्रात आवाहन दिलं, माझ्या नावाने. चार कार्डं आली. एक गृहस्थ रोज सगळ्यांना विनोद पाठवायचे, त्यातला एकही त्यांचा नव्हता. एक बाई पाककृती टाकायच्या, पण त्यांची सगळी कात्रणं त्यांच्या यजमानांनीच लिहिलेली निघाली. तिसऱ्याने स्वतःला 'महाराष्ट्रातील पहिला ब्लॉगर' म्हटलं होतं. असे पहिले आम्हाला आणखी दोन जिल्ह्यांत सापडले.

चौथं कार्ड पारनेरचं. भानुदास औटी. काम: इंटरनेटवर 'जाऊन बघतो' नावाचं मराठी पान चालवणे. पुराव्याची जागा कोरी.

इथे आमचा नियम सांगायला हवा. नोंदीला दोन स्वतंत्र लेखी संदर्भ लागतात. स्वतंत्र म्हणजे त्या माणसाने स्वतः लिहिलेलं चालत नाही आणि घरच्यांनी लिहिलेलं तर मुळीच चालत नाही. नियम मीच केला होता, कारण पहिल्या खंडात एका सद्‌गृहस्थांना त्यांच्या मेहुण्याने शिक्षणमहर्षी करून टाकलं होतं.

कार्ड नाकारायला दोन मिनिटं पुरली असती. पण माणूस हयात असेल तर एकदा भेटायचं, असा माझा शिरस्ता. सरांकडून आठ दिवस मागून घेतले आणि एसटीने पारनेरला गेले.

औटींचं झेरॉक्सचं दुकान आहे. पीक विम्याचे, दाखल्यांचे ऑनलाइन फॉर्मही भरून देतात. साठीचे असतील. मला बघून उठले, खुर्ची पुसली आणि समोरच्या दोन गिऱ्हाइकांना उद्या यायला सांगितलं. मी म्हटलं, माझ्यासाठी धंदा बंद ठेवू नका. त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं.

त्यांनी सांगितलेली हकिगत अशी. ते तेव्हा सायबर कॅफेत कामाला होते. मराठी वाचायला आधी फॉन्ट उतरवून घ्यावा लागायचा, नाहीतर अक्षरांच्या जागी चौकोन दिसायचे. अशा दिवसांत कुणीतरी अमेरिकेतून विचारलं, आमच्या शाळेमागची चिंच अजून आहे का? औटींनी आपली एम-एटी गाडी काढली, जाऊन चिंच बघितली आणि आठ ओळी लिहिल्या. चिंच आहे, रस्त्याकडची फांदी तोडली आहे, खाली आता गॅरेज झालंय. त्या माणसाचं उत्तर आलं की मी ऑफिसात बसून रडलो. मग विचारणारे वाढत गेले. कुणाला वेशीजवळची पाण्याची टाकी, कुणाला मावशीचं बंद घर, कुणाला नुसतं एवढंच की काष्टीच्या बाजारात बैल अजून त्याच बाजूला बांधतात का. औटी जायचे, बघायचे, लिहायचे. कॅमेरा नव्हता. आठवड्याला एक दिवस सुट्टी, ती सगळी यातच जायची.

"मग ते पान कुठे गेलं?" मी विचारलं.

फुकटचं पान होतं. चालवणाऱ्या कंपनीने ते बंद केलं. आधी सूचना आली होती, पण इंग्रजीत, आणि औटींनी उघडणं सोडून दिलेल्या पत्त्यावर. एका सकाळी सगळं गेलेलं होतं. उरल्या अकरा वह्या. आलेली प्रत्येक विनंती त्यांनी, विचारणाऱ्याच्या देशाप्रमाणे वेगळ्या वहीत, उतरवून ठेवली होती. काय कळवलं ते मात्र पानावरच होतं.

वह्या पुराव्यात धरता येत नाहीत, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. स्वतःच्या हातचं आम्ही धरत नाही. त्यांनी मान डोलावली. मग मी विचारलं, नोंद कशासाठी हवी आहे? आता तर सगळं मोबाईलवर दिसतं.

"त्ये बरोबरच हाय मॅडम. आता मला कोन कशाला इचारंल? पन आमचं पोरगं म्हनतं, बाबांनी उमेदीची वर्षं सायबर कॅफेत टाइमपास करून घालवली. घरात कुनालाच खरं वाटत न्हाई. एक पान बी न्हाई दाखवायला. छापलेलं असलं म्हंजे त्याला दाखवता यील."

मी निघाले तेव्हा त्यांनी सात नंबरची वही माझ्या पिशवीत घातली. ही तेवढी सावकाश वाचा, म्हणाले. मला वाटलं, अक्षर लागत नसेल म्हणून सांगतायत.

परतीच्या एसटीत वाचायला घेतली. अक्षर सुरेख होतं. भाळवणी मागे पडल्यावर एक पान आलं.

'अरविंद, मस्कत. नगरला कॉलेजात माझी बहीण ग्रंथपाल आहे. तिच्याशी बोलायचं नाही, माझं नाव काढायचं नाही. ती कशी आहे तेवढं बघून कळवा.'

खाली औटींचं अक्षर: 'गेलो. बघितलं. कळवलं.'

अरविंद माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा त्याला रजा मिळाली नाही, तो तेराव्याला पोचला. सगळ्या भाऊबंदांसमोर मी त्याला म्हणाले, आता कशाला आलास, जेवायला? तो जेवला नाही. बॅग उचलली आणि गेला. मग त्याने फोन केला नाही, मीही केला नाही. तोंडाने फटकळ असल्याचा मला तोवर अभिमान होता. चार वर्षांपूर्वी तो तिकडेच वारला. त्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी कळवलं. मधल्या सगळ्या वर्षांत मी धरून चालले होते की त्याने मला मनातून पुसून टाकलं आहे. त्यामुळे मीही तसाच प्रयत्न केला. तो जमला नव्हता, हे त्या एसटीत खिडकीकडे तोंड करून बसले असताना कळलं.

पुढची पानं उलटली. दर वर्षी दिवाळीच्या आधी तीच विनंती. पाच वेळा. पाचही वेळा खाली: 'गेलो. बघितलं. कळवलं.'

आता हे खरं असेल, तर माझ्या कामाच्या दृष्टीने एक गोष्ट उघड होती. आमच्या ग्रंथालयात बाहेरच्या माणसाला रजिस्टरमध्ये लिहिल्याशिवाय आत सोडत नव्हते. नाव, गाव, येण्याचं कारण, सही. तो नियमही माझाच. दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेले. आताच्या ग्रंथपाल बाई माझ्याच विद्यार्थिनी, त्यांनी जुन्या रजिस्टरांची खोली उघडून दिली. दुपारपर्यंत धूळ खाल्ली. पाचही सह्या सापडल्या. 'भानुदास औटी, पारनेर.' येण्याच्या कारणात पाचही वेळा एकच शब्द: 'बघायला'. शेवटच्या रकान्यात माझी आद्याक्षरं. म्हणजे पाच वेळा मी या माणसापुढे रजिस्टर सरकवलं होतं आणि एकदाही मान वर करून त्याच्याकडे नीट बघितलं नव्हतं.

रजिस्टर ग्रंथालयाचं आणि त्यावर ग्रंथपालाची साक्ष, म्हणजे एक संदर्भ झाला. दुसराही वहीनेच दाखवला. काष्टीच्या पुढच्या एका गावाच्या पानावर औटींनी लिहिलं होतं, 'लोकांनी हटकलं. ग्रामसभेत नाव घेतलं.' तिथल्या ग्रामसेवकांना फोन केला. ते भले निघाले, जुनं प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेचा वृत्तांत लिहितात ती वही, काढून फोटो पाठवला. त्यात होतं: 'भानुदास औटी नावाचा इसम पारनेरहून येऊन लोकांची घरे, झाडे, विहिरी न्याहाळतो व वहीत लिहितो. जमिनीचा दलाल असावा. चौकशी व्हावी.'

त्यांचं चुकलं म्हणता येत नाही. लांबच्या कुणासाठी तरी नुसतं बघायला कुणी एवढं पेट्रोल जाळत येईल, हे कुणाला सुचेल?

वही परत द्यायला पुन्हा पारनेरला गेले. खरं तर पोस्टाने पाठवता आली असती.

"आवाहनात माझं नाव वाचून तुम्ही कार्ड भरलंत ना?" मी विचारलं.

"व्हय. तुमच्याच हातात जानार म्हनून भरलं. ही वही लई दिवस द्यायची हुती, पन त्यांनी नाव काढू नका म्हनलं हुतं. आता त्ये गेलेत ह्ये त्यांच्या दोस्ताकडनं कळलं, म्हनून दिली."

मग मी विचारायचं ते विचारलं. माझ्याबद्दल काय कळवलं होतं? त्यांनी आठवून सांगितलं. पहिल्यांदा लिहिलं, बाई ठणठणीत आहेत, चष्मा लागलाय, पुस्तकाचं पान दुमडलं म्हणून एका मुलीला बोलत होत्या, आवाज जिन्यापर्यंत येत होता. त्यावर अरविंदचं उत्तर आलं, बोलतेय म्हणजे बरी आहे. एका वर्षी औटींनी लिहिलं की बाई गप्प होत्या. तर दुसऱ्या दिवशी निरोप, पुन्हा जाऊन या. ते पुन्हा आले, पण आत न येता जिन्यातच शिपायाला विचारून गेले. मला नुसता सर्दीने घसा बसलेला होता.

"तुम्हाला चाळीस किलोमीटर पाठवायचा. मला एक फोन करता येत नव्हता त्याला?"

"केला असता तर तुमी म्हनला असता, यवढं वाटतं तर यायचं हुतं तवा. मग त्ये काय बोलले असते?" औटी म्हणाले. "मॅडम, ज्यांना घरी फोन करता येत हुता, त्यांनी मला कधी काय सांगितलंच न्हाई."

खरं होतं. मी अगदी तेच म्हणाले असते, त्याच शब्दांत. मी चहा संपवला आणि निघाले. एसटी स्टँडवर उभी असताना त्याचा आवाज आठवायचा प्रयत्न केला. माझा आवाज त्याला दर वर्षी कुणीतरी नेऊन देत होतं. त्याचा माझ्याकडे कुणी आणून दिला नव्हता, कारण मी कुणाला पाठवलंच नव्हतं.

बैठकीत मी आधी हितसंबंध जाहीर केला. म्हणजे ज्याच्या नोंदीत संपादकाचं काही गुंतलंय, त्याने ते बोलून दाखवायचं, मत द्यायचं नाही आणि नोंद लिहायची नाही. मग दोन्ही कागद सरांपुढे ठेवले. सरांनी ते दोनदा वाचले. चष्मा काढला.

"बाई, यात वेबसाइटचं नाव नाही, लेखनाचा उल्लेख नाही. यावरून एवढंच सिद्ध होतं की हा माणूस ठिकठिकाणी जाऊन बघत होता."

"त्यांची नोंद तेवढ्याचीच आहे, सर," मी म्हटलं आणि बाहेर जाऊन बसले.

आत बराच वेळ चालू होतं. तरुण सदस्याचा आवाज चढलेला ऐकू आला, सरांचा आला नाही. शेवटी दार उघडून सर स्वतः बाहेर आले. नऊ ओळी देऊ, म्हणाले, आणि त्या मी लिहीन.

सर भाषेचे कडक. नोंदीत विशेषण एकही नाही. 'परदेशातील वाचकांच्या विनंतीवरून ते जिल्ह्यातील स्थळे व व्यक्ती प्रत्यक्ष जाऊन पाहत आणि, त्यांच्या सांगण्यानुसार, त्याचे वर्णन आंतरजालावर प्रसिद्ध करीत. हे लेखन आज उपलब्ध नाही.' खाली संदर्भ दोन. त्यात ग्रामसभेची तक्रारही छापली आहे, कारण संदर्भ लपवता येत नाही. मी औटींना फोन करून आधीच सांगितलं की त्यात तुम्हाला दलाल म्हटलंय.

"म्हनू द्या," ते म्हणाले. "गेल्तो यवढं तरी लिवलंय ना?"

खंड निघाला. औटींच्या मुलाने दुकानात उभ्या उभ्या नोंद वाचली आणि म्हणाला, बाबा, त्या वह्या कुठंयत? सध्या तो रोज एक वाचतोय, चौथीपर्यंत आलाय, असं औटींनी कळवलं. सातवी वही मी त्यांच्याकडेच ठेवली आहे. ती मूळ कागदपत्रं आहेत, जिथली तिथेच असावीत.

या धंद्यातून मिळालेलं शहाणपण विचाराल तर फार नाही. अबोला धरायचाच असेल तर निदान जागा बदलू नये, म्हणजे बघायला येणाऱ्याला आपण सापडतो. अरविंदची नोंद आमच्या कुठल्याच खंडात होणार नाही. तो कुठल्या नियमात बसत नाही, आणि बसवायचा म्हटलं तरी मी त्याची बहीण. कोशात त्याला जागा आहे ती एवढीच, 'परदेशातील वाचकांच्या' या दोन शब्दांत. माझी प्रत आता आपोआप त्याच पानावर उघडते.