एका पडद्यावर पाच पत्रिका

तापलेल्या मॉनिटरला एक वास असे. उन्हात वाळलेल्या सुती कापडाला धूळ चिकटावी तसा, कोरडा आणि किंचित गोडसर. आतल्या खोलीतून येणारा स्क्रीन प्रिंटिंगच्या शाईचा उग्र दर्प त्यात मिसळे. शिरूरच्या बाजारपेठेतल्या त्या डीटीपी सेंटरमध्ये दोन संगणक होते आणि आम्ही दोघी. लग्नसराईत दोघींच्याही पडद्यांवर एका वेळी पाच-पाच पत्रिका उघड्या असत, कारण कुठलं गिऱ्हाईक कधी दुरुस्ती घेऊन येईल याचा नेम नसे.

त्या पाच विंडो कशा सांभाळायच्या, यावर आमचं कधीच एकमत झालं नाही. मी एकच पत्रिका पडदाभर मोठी करी आणि बाकीच्या खालच्या पट्टीवर मिटवून ठेवी. अक्षरं भरघोस दिसत. वेलांटीचा बाक, रफाराचा कोंब नीट न्याहाळता येई. माझी मैत्रीण वयाने मोठी, माहेरची दौंडची, रेल्वेच्या वसाहतीत वाढलेली. ती सगळ्या पत्रिका शेजारी शेजारी मांडी. कुठली गाडी कुठल्या रुळावर उभी आहे ते नजरेसमोर पाहिजे, असं तिचं म्हणणं. माझ्या पडद्याकडे पाहून ती म्हणे, "तुझं म्हणजे चार पोरं कोठीत कोंडायची आन् एकालाच जेवू घालायचं." तिच्याकडे मात्र अक्षरं मुंगीएवढी होत. एका घरचा मुहूर्त वाचता वाचता डोळा शेजारच्या घरच्या मांडवात शिरे.

माझ्या रीतीतही धोका होताच. नवी पत्रिका आम्ही कोऱ्या पानावर क्वचितच सुरू करत असू. आधीच्या पत्रिकेची प्रत काढायची आणि तिच्यातला मजकूर बदलायचा. मूळ पत्रिका मिटून खाली गेलेली असे. तिची एखादी ओळ मागे राहिली, तर ताडून पाहायला समोर काही नसे.

अशाच मागे राहिलेल्या ओळीने पोळलेले एक गृहस्थ एका दुपारी आले. एसटी डेपोत मेकॅनिक, घरचे बौद्ध. थोरल्या मुलीची पत्रिका त्यांनी दुसरीकडे छापून घेतली होती, आणि तिच्या माथ्यावर कुणा भलत्याच घरची 'कुलस्वामिनीच्या कृपेने' ही ओळ छापून आली होती. नव्याने छापायला वेळ उरला नव्हता. घरची सगळी माणसं ओसरीत बसून प्रत्येक पत्रिकेवर पांढऱ्या कागदाची पट्टी डकवत राहिली. हे सांगताना त्यांचा आवाज कुठे चढला नाही. आता धाकटीचं लग्न होतं, सोयरे दौंडचे होते, आणि अशी पट्टी चिकटवलेली पत्रिका घेऊन त्यांना त्या दारात जायचं नव्हतं.

"ताई, दुसऱ्याची पुसून आमची करू नका," ते म्हणाले. "कोऱ्यावर लिवा."

मी पडद्याच्या खालच्या पट्टीवरची एकेक पत्रिका वर घेतली, सेव्ह केली, बंद केली. माझ्या खुर्चीमागे उभे राहून ते प्रत्येक विंडो बंद होताना पाहत होते. शेवटची गेल्यावर त्यांनी विचारलं, "आत आनखी काय ऱ्हायलं न्हाई ना?" मैत्रिणीने आपलं काम तसंच ठेवलं आणि खुर्ची ओढून माझ्याजवळ येऊन बसली. पडद्यावर फक्त पांढरं पान होतं, माळावरच्या उन्हासारखं लख्ख.

माथ्यावर पिंपळपान घेतलं, त्याखाली 'मंगल परिणय'. त्यांनी लिहून आणलेला मजकूर तिने सावकाश वाचला आणि मी एकेक शब्द उतरवला. कधी नव्हे ते आम्ही वाद घातला नाही. तिची रीत त्या दुपारी उपयोगी नव्हती, माझीही नव्हती.

प्रिंटरमधून निघालेलं कोमट प्रूफ त्यांनी दोन्ही पंजांच्या कडांवर तोलून धरलं. ग्रीस मुरलेली बोटं कागदाला लागू नयेत म्हणून. ओठ हलवत तळापर्यंत वाचलं. पुन्हा माथ्याशी आले, पिंपळपानाच्या वरची रिकामी जागा बराच वेळ पाहत राहिले. मग कागद माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले,

"छापा."