आप्पांची सेंच्युरी

आज रविवार, सकाळी सव्वासात. मी चष्म्याच्या कापडाने एक डिस्क पुसत होतो. मधून बाहेर, सरळ. गोल पुसली की चरे पडतात.

ती डिस्क ज्याची, तो मरून आज महिना झाला.

भूषण. माझा रूम पार्टनर. सिल्वासाजवळ खडोलीला धाग्याच्या कंपनीत ऑपरेटर. नाइट शिफ्ट सुटल्यावर बाइकने येताना डंपरने उडवला. या ग्रुपवरचे बरेच जण त्याला ओळखतात.

आज त्याचे वडील सामान न्यायला येणार होते. शिरपूरकडचे आप्पा. फोनवर त्यांनी कपड्यांचं विचारलं नाही, कंपनीच्या हिशेबाचं विचारलं नाही.

एवढंच म्हणाले, "भाऊ, मनी सेंच्युरी झाई व्हती म्हने. ती माले दखाड."

त्यांना स्वतःची सेंच्युरी बघायची होती. सांगतो.

भूषणने भंगारवाल्याकडून एक जुना गेम आणला होता. टीव्हीला लावायचा, डिस्कवाला. त्यात क्रिकेट. त्यात आपल्या मनासारखा प्लेअर बनवता येतो. भूषणने आप्पांना बनवलं. डावखुरे, पांढऱ्या मिश्या, पाठीवर इंग्रजीत आप्पा. ज्या माणसाने जन्मात बॅट धरली नाही, तो आमच्या रूममध्ये ओपनिंगला यायचा.

शंभर झाले त्या दिवशी भूषणने स्पीकरवर फोन लावला.

"आप्पा, तुम्हनी सेंच्युरी झाई!"

"कशानी?"

"क्रिकेटनी! टीव्हीमां!"

"मंग पैसा भेटनात का?"

आम्ही हसून लोळलो. आप्पाही हसत होते. नंतर म्हणे गावात सगळ्यांना सांगितलं.

पण गेम म्हातारा झाला होता. डिस्क फिरायची, टिक टिक टिक, आणि स्क्रीनवर मेसेज, डिस्क वाचता येत नाही.

भूषणची युक्ती होती. झाकण लावायचं आणि अख्खा गेम उलटा ठेवायचा. लेन्स अशक्त झाली की तशी कधी कधी वाचते.

आप्पांचा फोन आल्यापासून मी आठवडाभर त्या गेमच्याच मागे होतो. मोबाइलवाल्याकडून लिक्विड आणून लेन्स पुसली, कापसाने, दाब न देता. लेन्स ज्या दांड्यांवर सरकते त्यांना ग्रीस लावलं. सिल्वासाच्या रिपेअरवाल्याने तर हातसुद्धा लावला नाही. "आनो लेन्स हवे नथी आवतो, भाई. फेंकी दो." ही लेन्स आता मिळतच नाही म्हणे.

काल संध्याकाळी लागला.

उलटा ठेवून, खाली टॉवेलची घडी. आप्पा स्क्रीनवर आले. क्रीजवर बॅट आपटली. मी लगेच बंद केला. लेन्स तापली तर उद्या दगा देईल, ही भीती.

व्हिडिओ काढायचं डोक्यातच आलं नाही.

आज डिस्क पुसून ठेवली आणि आप्पांना आणायला स्टँडवर गेलो.

तेवढ्यात राजूने, आमच्या तिसऱ्या पार्टनरने, गेम उचलला, मागच्या गल्लीत तो काम करतो त्या युनिटमध्ये नेला आणि हवा मारून आणला.

धाग्यात काम करणाऱ्यांना सांगायला नको. आमच्याकडे सगळ्यावर एकच औषध, कॉम्प्रेसरची हवा. मशीन अडकलं, हवा. पंखा, मोबाइल, टिफिनची पिशवी, हवा. सुटी झाली की एकमेकांच्या अंगावर हवा मारून तंतू उडवायचे, मगच घरी.

आम्ही दारात पोचलो तर राजू उभाच. "आप्पा, एकदम चकाचक केलाय. आत एक कण नाही!"

त्याने चांगल्यासाठीच केलं.

आप्पा टीव्हीसमोर मांडी घालून बसले. टोपी नीट केली, फोटो काढणार असल्यासारखी.

टिक टिक टिक.

उलटा केला. आडवा केला. टॉवेलची घडी बदलली. डिस्क पुन्हा पुसली.

शेवटी झाकण उघडून आत पाहिलं. लेन्स एका बाजूला लोंबत होती. केसासारख्या तारांवर बसलेली असते ती. हवेच्या जोराने तुटली होती. वर कॉम्प्रेसरच्या तेलाचे बारीक थेंब.

"मी फक्त हवा मारली रे," राजू म्हणाला.

"माहीत आहे."

"दाबून बसव ना. नाहीतर चिकटवू."

"नाही बसत, राजू."

"अरे फक्त हवा मारली मी..."

आप्पा माझ्याकडे बघत होते. "नही व्हस का?"

"नाही आप्पा. गेला हा."

"मंग तोंडी सांग."

मग मी सांगितलं. तुम्ही डाव्या हाताने खेळता. पहिला बॉल नेहमी सोडता. शंभर झाले तेव्हा बॅट वर केलीत, सगळं स्टेडियम उभं राहिलं.

आप्पा मान हलवत ऐकत होते. मग म्हणाले, "हेल्मेट व्हतं का मना डोकावर?"

"होतं आप्पा. त्यात सगळ्यांनाच असतं."

भूषणच्या डोक्यावर नव्हतं. पंचनाम्यात लिहिलंय, आप्पांना माहीत आहे.

निघताना मी गेमचं मेमरी कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं. काडेपेटीएवढं असतं. म्हटलं, तुमचा प्लेअर यात सेव्ह आहे. खोटी आशा नको म्हणून हेही सांगितलं, की असा गेम चालू असलेला मिळाला तरच दिसेल, आणि मी विचारलं तिथे कुठेच नाही मिळाला.

आप्पांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"यामां मी शे?"

"हो."

"मी त आठेच शे, भाऊ. तो कोठे शे यामां?"

आप्पा इथेच होते, विचारत होते ते भूषणचं. त्या कार्डात आप्पा आहेत. राजू आहे, बॉलर. मी आहे, विकेटकीपर. भूषणने स्वतःला बनवलंच नव्हतं. कंट्रोलर त्याच्या हातात असायचा, त्याला गरजच वाटली नसेल.

आप्पांनी कार्ड परत माझ्या हातात ठेवलं. कपड्यांची बॅग उचलली. राजूच्या पाठीवरून हात फिरवला.

दुपारच्या गाडीत बसवून आलो. खिडकीतून त्यांनी मागे पाहिलं नाही.

भूषण, आपल्या रूमकडून तुला अखेरचा नमस्कार.