मोलगीला ‘तुम्ही’ चालत नाही

पत्र दिवाळीनंतर आले. मिशनच्या कमिटीने थोडक्यात लिहिले होते: मिसबाईंना घेऊन मोलगीला जा, तीन आठवडे राहा, परत येऊन कळवा की त्यांना तिथे एकटे ठेवता येईल की नाही.

मी नगरला परदेशी मिशनऱ्यांना मराठी शिकवतो. ते मला पंडितजी म्हणतात. मी ख्रिस्ती आहे, पंडित नाही, पण हा शब्द माझ्या आधीच्या शिक्षकापासून चालत आला आहे. वय बावन्न, उजवा गुडघा दुखतो. सातपुड्यात मी कधी पाऊल ठेवले नव्हते. त्या डोंगरासाठी माणसे तयार करण्याचे काम मात्र अकरा वर्षे करत होतो.

माझा पहिला धडा ठरलेला असे. साहेब लोक गाडीवानाला, म्हाताऱ्या शेतकऱ्याला अरे-तुरे करतात, तुम्ही करायचे नाही. मुले, जनावरे आणि देव यांना तू. बाकी सगळ्यांना तुम्ही. ज्याचे चुकेल त्याने ते वाक्य वीस वेळा लिहायचे. मिसबाईंना ते कधी लिहावे लागले नाही. त्या नर्स होत्या, एकोणतीस वर्षांच्या, आणि माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांत त्यांचे मराठी सर्वांत स्वच्छ होते. मोलगीहून याआधी दोघे परत आले होते, एक तापाने, एक एकटेपणाने. या वेळी नाही म्हटले तर तिथली झोपडी बंद होणार होती आणि मिसबाई शहरातल्या दवाखान्यात जाणार होत्या.

“शहरात माझ्यावाचून कोणाचे अडत नाही, पंडितजी,” त्या निघण्याच्या दिवशी म्हणाल्या. एवढेच. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

ज्यांना त्या बाजूला जायचे असेल त्यांनी मनमाडवरून जळगाव गाठावे आणि तिथे सुरतेकडे जाणारी गाडी धरावी. सध्या लढाईमुळे डबे शिपायांनी भरलेले असतात. आम्ही वळकटीवर बसून आलो. नंदुरबारला उतरलो तेव्हा माझे पाय बधिर झाले होते. फलाटावर दामाभाऊ उभे होते. नवापूरच्या डोंगरातले शेतकरी, ख्रिस्ती, पंचेचाळिशीचे. घरी त्या डोंगरातली कोकणी, बाजारात अहिराणी, आणि बायको मोलगीकडची म्हणून तिकडची भिलीही त्यांना येते. मिशनला वाट दाखवायला आणि दुभाष्याचे काम करायला तेच लागतात.

“गाडीले उशीर व्हयना का?”

“चार तास,” मी म्हणालो.

“मंग आज लवकर उनी. काल सहा व्हतात.”

मिसबाईंनी हात जोडले. “दामाभाऊ, आपण बरे आहात ना?”

दामाभाऊंनी गंभीर चेहऱ्याने मागे वळून पाहिले. “आपन कोन? मी एकलाच शे.”

मिसबाई लाजल्या. मी हसलो. ती थट्टा आहे असे समजलो.

दुसऱ्या दिवशी तापीपर्यंत मोटार मिळाली. पेट्रोल नाही, म्हणून मागे कोळशाची भट्टी लावलेली. चढ आला की सगळ्यांनी उतरून ढकलायचे, मग धावत जाऊन चढायचे. मिसबाईंनीही ढकलले. नदी नावेने, माणशी एक आणा. पलीकडे बैलगाडीने तळोदा. धर्मशाळेत ढेकूण आहेत. बाहेर ओट्यावर झोपलेले बरे.

तळोद्याला एका मारवाडी शेठजींच्या दुकानात मीठ आणि काडेपेट्या घेतल्या. शेठजी तिसऱ्या पिढीचे, मराठी चांगले बोलतात. मी हिवतापावरचे क्विनाइन विचारले तर ते हसले.

“जावा जपाननं घेतलं, पंडितजी, क्विनाइन त्याच्या पाठीमागं गेलं. डॉक्टरलाच मिळत नाही तर मला कुठून? तुमच्याकडं काय आहे?”

“एक बाटली. एकवीस गोळ्या.”

“मग सांभाळा. वर सोनं चोरीला जाणार नाही, कारण तिथं ते कोणाला नको. ताप सगळ्यांना आहे.”

त्या बाटलीखेरीज आम्हा तिघांजवळ स्वतःपुरत्या सहा-सहा गोळ्या होत्या. वरची माणसे मोजली तर ते काहीच नव्हते.

अक्कलकुव्यापासून पुढे चालणे. दोन दिवस. वाट सागाच्या जंगलातून चढते, एका टेकडीवर पोचले की समोर दुसरी. डोंगर सुंदर आहेत असे लिहायला हवे. मी बराच वेळ दामाभाऊंच्या टाचांकडे पाहत चाललो. पाणी ओढ्याचे, उकळून घ्यावे. खायला मक्याची भाकर, उडदाची पातळ डाळ, आणि त्यात कैरीची वाळलेली फोड. ती फोड चांगली लागते. पहाटे थंडी एवढी की काठी धरवत नाही. गुडघा सुजला तेव्हा मिसबाईंनी ओल्या फडक्याने बांधला आणि माझी वळकटी स्वतःच्या खांद्यावर घेतली. मी नको म्हटले नाही. तेव्हाच मनात ठरवले की कमिटीला होय लिहायचे.

मोलगी म्हणजे चार वाटा मिळतात ती जागा. आठवड्याला बाजार, एरवी मोकळी माती. घरे एकत्र नाहीत, प्रत्येक घर आपापल्या टेकडीवर. मिशनची झोपडी कुडाची, शेणाने सारवलेली. दोन दिवस झोपडी झाडण्यात गेले.

तिसऱ्या दिवशी दामाभाऊ सासरी गेले होते. सकाळी दूरच्या टेकडीवरून एक कुटुंब आले. पुढे खेमा नावाचा म्हातारा, मागे त्याची सून रोमली, तिचा नवरा आणि सासू. रोमली विशीची असेल, पोटुशी. तापाने तिचे ओठ काळे पडले होते. म्हातारा तळोद्याच्या बाजाराला जाऊन येणारा, त्याला थोडे मराठी कळत होते. मिसबाईंनी माझ्याकडे पाहिले. दुभाषा नव्हता. मी मागे ओट्यावर बसून राहिलो. ही त्यांची परीक्षा होती आणि ती त्यांनी एकटीने द्यावी असे मला वाटत होते.

त्यांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले. मग बाटली रोमलीच्या हातात दिली आणि तिच्याच डोळ्यांत पाहून सावकाश म्हणाल्या, “रोमलीबाई, या गोळ्या तुम्ही घ्या. तीन तीन. सात दिवस. समजलं ना तुम्हाला?”

रोमलीने नवऱ्याकडे पाहिले, मग सासऱ्याकडे. म्हाताऱ्याने बोटे मोजली. “तीन तीन. सात,” तो म्हणाला.

“हो. बरोबर,” मिसबाई म्हणाल्या.

मी वहीत लिहिले: उच्चार उत्तम. एका आजारी भिल्ल बाईशी आदराने बोलल्या.

ती वही माझ्याकडे अजून आहे.

चौथ्या दिवशी बाजार होता. खेमा म्हातारा आला तो हसतच. त्याने रिकामी बाटली मिसबाईंच्या हातात परत दिली, धुऊन, पुसून. दामाभाऊ तोवर परतले होते. म्हातारा त्यांच्याशी भिलीत बोलला. दामाभाऊ ऐकत राहिले. त्यांच्या तोंडावर नेहमीची थट्टा नव्हती.

“काय झालं?” मिसबाईंनी विचारले. “बाटली रिकामी कशी?”

“याना घरमा सात जन शेतस,” दामाभाऊ म्हणाले. “बाईनी सांगं, ‘तुम्ही ल्या’. तीन तीन. सात. सात जननी तीन तीन लिध्यात, त्याच दिवसे. एक बी गोई वाया गयी नही.”

“पण मी रोमलीबाईंना सांगितलं! त्यांच्याकडे बघून सांगितलं!”

“एकलीले तुम्ही कोन म्हनस, बाई? आठे कलेक्टरले बी तू. तुम्ही म्हनं म्हंजे बठा, सात बी जन. त्यासनी बाईना शब्द मान्या.”

म्हाताऱ्याने आम्हा तिघांकडे आळीपाळीने पाहिले. आपले काय चुकले हे त्याला समजत नव्हते. गोळ्या घेताना त्याची बायको मोठ्याने हसून म्हणाली होती म्हणे: धडधाकट माणसाला एवढे कडू कशाला देतात? पण बाईने सगळ्यांना सांगितले, म्हणून तिनेही गिळले होते.

“रोमली कशी आहे?” मी विचारले.

दामाभाऊंनी विचारले. उत्तर लहान होते. “ताप तसाच शे.”

मिसबाईंनी कंबरेची गोळ्यांची डबी सोडून माझ्यापुढे धरली. मी माझी काढली. दामाभाऊंनी आपली दिली. अठरा.

खेमाची टेकडी तीन तासांवर होती. मी त्या चढात दोनदा बसलो. मिसबाई थांबल्या नाहीत. आम्ही पोचलो तेव्हा रोमली चुलीजवळ घोंगडीत पडलेली होती. घरातली सहाही माणसे भोवती. मिसबाई गुडघ्यांवर बसल्या. एक गोळी तिच्या तळहातावर ठेवली. त्यांचे तोंड उघडले आणि शब्द येईना. दोन वर्षे मी तो शब्द त्यांच्या तोंडातून काढून टाकला होता.

“रोमली,” त्या म्हणाल्या. थांबल्या. “तू घे. तू एकटी.”

रोमलीने मागे पाहिले नाही. तिने गोळी तोंडात टाकली.

म्हातारा काहीतरी बोलला. दामाभाऊंनी सांगितले, “तो म्हनस, आते बाई बोलनी.”

मिसबाई तिथेच राहिल्या. तिथल्या चौथ्या दिवशी रोमलीचा ताप उतरला. पाचव्या दिवशी गर्भ पडला. ताप लवकर उतरला असता तर मूल राहिले असते का, हे मला माहीत नाही. मी मिसबाईंना विचारले नाही. खेमाच्या घरात कोणी आम्हाला दोष दिला नाही. सासूने आम्हाला डाळ वाढली.

खाली झोपडीत आल्यावर मिसबाई म्हणाल्या, “लिहा, पंडितजी. मी योग्य नाही असं लिहा.”

“चूक माझी आहे.”

“बोलले मी.”

तीन आठवडे भरायचे होते. त्या रोज दामाभाऊंच्या मागे हिंडत होत्या आणि एकेक शब्द विचारत होत्या. भाकरीला काय म्हणतात, दुखते कसे म्हणतात, ये कसे, जा कसे. माझ्याकडे विचारण्यासारखे काही नव्हते. मी ओट्यावर बसून गुडघा शेकत होतो.

उतरताना वाट सोपी वाटते, पण गुडघ्याला उतारच जास्त लागतो हे ध्यानात ठेवावे. काठी मजबूत घ्यावी. मिसबाई निर्णय येईपर्यंत वरच राहिल्या, अक्कलकुव्यापर्यंत दामाभाऊ माझ्यासोबत होते. निरोप देताना ते म्हणाले, “पंडितजी, परत येशात ना?” आणि लगेच ‘तू’वर येऊन, “येशी ना?” या वेळी मी हसलो नाही.

“कदाचित,” म्हणालो. त्यांना खोटे सांगितले. मी पुन्हा त्या डोंगरात चढणार नाही.

नगरला येऊन कमिटीला लिहिले: मिसबाईंना मोलगीला ठेवावे. दामाभाऊंना तिथे त्यांचे भाषाशिक्षक म्हणून नेमावे. शिकवण्यात चूक झाली आहे, ती माझी. तिचा परिणाम एका घराला भोगावा लागला. कमिटीने पहिल्या दोन गोष्टी मान्य केल्या. तिसरीबद्दल काही कळवले नाही.

मी शिकवतोच आहे. पहिला धडा बदललेला नाही, कारण नगरमध्ये, धुळ्यात, बहुतेक ठिकाणी तो बरोबर आहे. मी फक्त एक वाक्य वाढवले आहे: तुम्ही म्हटल्यावर समोरचा माणूस मागे वळून पाहतो का, ते पाहा. विद्यार्थी ते लिहून घेतात. त्यांना ते विनोदी वाटते.

चैत्रात मोलगीहून पत्र आले. अक्षर मिसबाईंचे, मराठी थोडे बिघडलेले. बायकोला परदेशी लोकांची पत्रे ऐकायला आवडतात, म्हणून मी मोठ्याने वाचू लागलो. “पंडितजी, तू कसा आहेस? तुझा गुडघा बरा झाला का? रोमली बाजाराला आली होती. तिने मला लांबून हाक मारली. माझ्या नावाने.”

बायकोने सूप खाली ठेवले. “हे काय? एवढ्या शिकलेल्या बाई, आणि तुम्हाला तू?”

तांबडी पेन्सिल माझ्या कानावर होती. मी ती कानावरच राहू दिली.

“बरोबर लिहिलं आहे,” मी म्हणालो, आणि पुढे वाचू लागलो.