भट्टीपुढचा सडा

त्र्यंबककाकांना कशाची भीती वाटत नाही ते विचारा, उत्तर लवकर संपेल. ते कुत्र्याला भितात, लिफ्टला भितात, आणि 'मालकांनी बोलावलंय' एवढं ऐकलं की आधी घोटभर पाणी पितात. शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, ते डिस्पॅचला आहेत. तयार माल गाडीत चढवून द्यायचा, कागद सोबत द्यायचे, झालं. इतकी वर्षं नोकरी झाली, पण भट्टीच्या शेडमध्ये त्यांनी पाऊल टाकलेलं नाही. लोखंडाचा रस लांबून दिसला तरी ते वाट बदलतात. पोरं चिडवतात, "काका, भित्यापाठी ब्रह्मराक्षस!" काका म्हणतात, "पाठीच असतो ना? मग असू दे. पुढं आला की सांगा."

अशा माणसाला कंपनीच्या जाहिरातीचे व्हिडिओ पास-नापास करायला बसवलं, तेही खुद्द मालकांनी. बाहेरदेशचं गिऱ्हाईक मिळवायचं म्हणून मालक हंबीररावांनी सम्राट नावाच्या व्हिडिओवाल्याकडून तीन व्हिडिओ करून घेतले होते. काकांचं मराठी शुद्ध, हिंदी बरं, वाचन दांडगं. म्हणून मालक म्हणाले, "त्र्यंबकराव, तुमी बघा. बरं असलं तर बरं म्हना, न्हाई तर न्हाई म्हना." हे वाक्य मालक सगळ्यांनाच ऐकवतात. त्यातला दुसरा अर्धा भाग आजवर कुणी वापरलेला नाही.

मीटिंगच्या खोलीत आम्ही सगळे जमलो. मालकांच्या आई, आक्का, मधल्या खुर्चीत. फाउंड्री नवी होती तेव्हा आक्का डोक्यावर पाटी घेऊन सगळ्या कामगारांना भाकरी आणायच्या. अजूनही कुणाच्या घरी आजारपण असलं की पहिला डबा त्यांचा जातो. आक्कांना कुणी नाही म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

पहिला व्हिडिओ मशीनचा. लई भारी, म्हणाले सगळे. दुसरा मालकांच्या भाषणाचा. तोही लई भारी. मालक समोरच बसलेले, दुसरं काय म्हणणार? तिसरा लागला आणि सगळे खरोखरच पुढे सरकून बघू लागले. भट्टीच्या तोंडाशी आक्का स्वतः सडा घालतायत, पदर खोचून, हाताने पाणी शिंपडत. मग रांगोळी. मग लॅडल, म्हणजे रस वाहायचं भांडं, दोघे जण धरून आणतायत. पुढच्या टोकाला भट्टीवरचा सयाजी. ओल्या जमिनीत रसाचा लाल उजेड पडलाय आणि सयाजी रस ओततोय, डोळे मिटून. सम्राटनं तेवढा भाग अगदी संथ करून दाखवला होता.

"बघा की," सम्राट म्हणाला, "काय भक्ती हाय तोंडावर! हे सांगून येत न्हाई. उद्या ह्योच सीन मोठा करायचा. अख्ख्या शेडमदी सडा, दोन लॅडल, आनि मधी राजनंदिनी आरती घिऊन." राजनंदिनी म्हणजे मालकांची लेक. आक्का प्रसन्न हसल्या.

टाळ्या पडल्या. काकांचे हात मात्र मांडीवरच राहिले.

फाउंड्रीत झाडूवाल्यालाही ठाऊक असतं, की रस आणि पाणी एकत्र येता कामा नयेत. रसाचा थेंब ओल्यावर पडला की पाण्याची क्षणात वाफ होते आणि लोखंड उसळतं. समोर कोण आहे ते बघत नाही. पावसाळ्यात गळकं पत्र्याचं छप्पर आधी दुरुस्त करतात ते उगीच नाही. हे सगळ्यांना माहीत होतं, मालकांनाही होतं. पण सडा म्हटला की तो सडाच दिसतो, त्यातलं पाणी कुणाला दिसत नाही. आणि तो घातला होता आक्कांनी.

"कसा वाटला, त्र्यंबकराव?"

"छान आहे," काका म्हणाले. "संगीत थोडं मोठं झालंय. जेवणानंतर नीट सांगतो."

जेवायच्या सुट्टीत काकांनी डबा उघडलाच नाही. ते उठले आणि भट्टीच्या शेडकडे निघाले. मी मागोमाग गेलो, कारण ते वाटेत पडतील असं मला खरंच वाटलं. शेडच्या दारात ते खांबाला धरून उभे राहिले. धग तोंडावर येत होती. सयाजी बाकड्यावर भाकरी खात होता.

"सयाजी, त्या व्हिडिओत तू डोळे का मिटलेस?"

"आता ह्ये काय इचारनं झालं, काका?" सयाजी हसला. "क्यामेऱ्यात बरं दिसतंय म्हनून मिटलं."

"उद्याही मिटणार?"

सयाजीनं भाकरीचा तुकडा मोडला. तो तसाच खाली ठेवला. "काम हाय, काका. सांगितलं की करायचं."

परत येताना काकांचा सदरा पाठीला चिकटला होता. चेहरा वाचायला अक्षरओळख लागत नव्हती. बोलावं तर मालक, आक्का, शुभकार्यात खोडा घातल्याचा ठपका आणि दोन वर्षांवर आलेली निवृत्ती. न बोलावं तर उद्या सकाळचा सडा. इकडे आड, तिकडे विहीर. मला त्यांचा राग आला, खरं सांगतो. एवढं घाबरायचं काय असतं माणसानं! मग लक्षात आलं, की मी तर टाळी वाजवून मोकळा झालो होतो.

खोलीत मालक, आक्का आणि सम्राट उद्याचं ठरवत होते. काका दारातूनच बोलले, बसले नाहीत; मी त्यांच्या मागे उभा.

"मालक, तिसरा व्हिडिओ नापास आहे."

"का वो?"

"जमीन ओली आहे."

मालकांचा चेहरा तांबडा झाला. "आक्कांनी घातलेला सडा हाय त्यो! त्याला नाव ठिवता व्हय? आनि काय बी झालं न्हाई की त्या दिवशी!"

"झालं नाही, हे नशीब. मला भीती वाटते."

"तुमाला कशाची वाटत न्हाई, काका?" सम्राट हसून म्हणाला.

काकांनी दाराची चौकट धरली. "सगळ्याचीच वाटते. म्हणूनच तो चेहरा मला ओळखता येतो. रोज दाढी करताना आरशात बघतो मी तो. त्या पोरानं भक्तीनं डोळे मिटलेले नाहीत, सम्राट. आता काय होईल ते बघवत नाही, म्हणून मिटलेत."

मालक काहीतरी जोरात बोलणार होते. आक्कांनी हात वर केला. "सयाजीला बोलवा."

सयाजी आला तो हात पुसतच. त्यानं काकांकडे बघितलं आणि त्याला सगळं समजलं.

"सयाजी, खरं सांग लेकरा. भ्या वाटलंतं?"

"न्हाई आक्का. भ्या कसलं त्यात?"

"माज्या गळ्याची आन हाय तुला."

सयाजीनं मान खाली घातली. "लई भ्यालतो, आक्का. त्या दिवशी घरला गेलो तर बारक्या पोरीनं हात पसरलं, घ्या म्हनून. मला तिला उचलता आली न्हाई. हात थांबंनातच. आजारी हाय म्हनून सांगितलं बायकूला आनि भिताडाकडं तोंड करून झोपलो."

मालक खिडकीकडे वळले. सम्राटनं लॅपटॉप बंद केला.

"मग मला का न्हाई सांगितलंस?" आक्कांनी विचारलं. त्यांचा स्वर रागाचा नव्हता.

"आक्का, सडा तुमी सोता घातलासा. आमची आई आजारी हुती तवा तुमच्या घरचा डबा आलाय आमच्यात. तुमच्या सड्याकडं बोट कसं दाखवू मी?"

आक्का खुर्चीच्या कडेला सरकल्या. पदराचं टोक त्यांनी तोंडावर धरलं. खोलीत काकांसारखा भित्रा माणूस उभा होता, पण त्या घटकेला सगळ्यांत जास्त घाबरल्या होत्या त्या आक्का.

"उद्या काय न्हाई करायचं," त्या म्हणाल्या. मग लेकाकडे बघून त्यांनी विचारलं, "हंबीर, आनि कोन कोन मला बरं वाटावं म्हनून गप बसलंय रं?"

मालकांनी काकांकडे बघितलं. मी टाळी वाजवलेले हात पाठीमागे नेले.