मागे बसलेल्यांशी बोलायचं

माझ्या नवऱ्याने उभं आयुष्य सिटी बस चालवली. पन्नाशी उलटल्यावर त्याने स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि घरातल्या सगळ्या गळक्या नळांचे वायसर बदलले. ते संपल्यावर न गळणारे नळही तो उघडायला लागला, तेव्हा मी म्हटलं, "आमच्या हॉस्पिटलात ॲम्ब्युलन्सला ड्रायव्हर पाहिजे आहे. अर्ज करा." मी तिथे इमर्जन्सीत नर्स आहे.

अर्ज केला. अवजड वाहनाचा परवाना होताच, डोळ्यांची तपासणी झाली, प्रथमोपचाराचे वर्ग झाले. छातीवर दाब द्यायच्या सरावात तर तो इतका रंगला की शिकवणारी मुलगी म्हणाली, "काका, पुतळा वाचला. सोडा आता." अडला तो गाडी चालवण्यातच.

ॲम्ब्युलन्स चालवायला शिकवणारे सर लष्करात गाडीवर होते. तेलुगू माणूस, आवाज आणि पोट दोन्ही भरदार. परीक्षा घ्यायची त्यांची एक रीत आहे. ते स्वतः स्ट्रेचरवर पेशंट होऊन झोपतात, पट्टे बांधून घेतात आणि डोळे मिटतात. गाडी कुठे वळणार, कुठे थांबणार, हे त्यांना फक्त ड्रायव्हरच्या आवाजावरून कळलं पाहिजे. कारण मागे नर्स उभी राहून सुई टोचत असते. ब्रेक लागायच्या आधी तिला सांगावंच लागतं.

पहिल्या परीक्षेला मागे मीच होते. दार लागलं, इंजिन सुरू झालं, गाडी जागची हलेना. बऱ्याच वेळाने सर डोळे न उघडताच म्हणाले, "अन्ना, डिझेल नै क्या?"

"डिझेल आहे," पुढून उत्तर आलं. "कुणी राइट म्हटलं नाही."

कंडक्टरने "राइट, राइट" म्हटल्याशिवाय ह्या माणसाचा पाय ब्रेकवरून कधी उचललाच गेला नव्हता. मग गाडी निघाली. चालवली झकास, पण तोंडातून शब्द नाही. वर सायरन चालू असताना प्रत्येक बस स्टॉप आला की गाडी आपोआप डावीकडे जायची आणि हळू व्हायची. एका ठिकाणी तर पिशव्या घेतलेली एक बाई पुढे येऊन दाराचा दांडा शोधायला लागली.

"गाडी अच्छी चलाते तुम," सर उतरताना म्हणाले, "मगर पीछे आदमी है करके याद नै." नापास. आणखी एक संधी मिळणार होती, त्यानंतर यादीतून नाव कमी.

रात्री जेवताना तो म्हणाला, "तू म्हणायचं होतंस."

"काय?"

"राइट."

"मी नर्स आहे. कंडक्टर नाही."

बसमध्ये ड्रायव्हरशी बोलू नये अशी पाटी असते. ड्रायव्हरनेही कुणाशी बोलू नये, असाच त्याने तिचा अर्थ घेतला होता, आणि ती पाटी तो घरीही घेऊन आला होता. 'हौ' आणि 'नक्को' एवढ्यावर त्याचा दिवस निघतो. पण पुन्हा नापास झाला असता, तर तो नळ उघडत बसला असता आणि आणखी वर्षभरात खचला असता. ते मला बघायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून स्कूटरवर सराव सुरू केला. चिक्कडपल्लीच्या बाजारात जाताना मी मागे बसायचे आणि त्याने सगळं आधी सांगायचं. नाही सांगितलं तर मी उतरणार. एकदा खरंच उतरून रिक्षाने घरी आले. तेव्हापासून तो बोलायला लागला.

"खड्डा," तो पुटपुटायचा.

"ऐकू आलं नाही."

"अगं, लोक बघायलेत."

"बघू द्या. मोठ्याने."

दुसरी परीक्षा तारनाक्याहून विद्यानगरपर्यंत आणि परत अशी होती. सर स्ट्रेचरवर, त्यांच्या दंडाला मी बीपीचा पट्टा बांधलेला. पुढून आवाज आला, "बसलीस का नीट? निघतो." सरांनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि परत मिटला.

"स्पीडब्रेकर. मोठा आहे." "उजवीकडं घेतो." बस स्टॉप मागे पडत गेले, गाडी आपली लेन सोडेना. विद्यानगरजवळ मात्र समोर एक सिटी बस आडवी आली. तिचा ड्रायव्हर ह्याच्या ओळखीचा. त्याने खिडकीतून डोकं काढलं. "क्या मियाँ, इत्ती छोटी गाडी? पगार में काट लिए क्या?"

माझा हात बीपीच्या पंपावर थांबला. हा आता गप्प बसतो की मित्राशी बोलत बसतो, ते मला कळेना.

"थांबतो," तो आम्हाला म्हणाला. "त्याला डावीकडं जागा झाली की तो सरकेल. तोवर घुसण्यात अर्थ नाही. धरून राहा." मग थोड्या वेळाने, "सरकला. निघालो."

धक्का बसला नाही. मी हवा सोडली, आकडा नीट वाचता आला. "सर, तुमचं बीपी वाढलेलं आहे," मी म्हटलं.

"मेरा छोडो, सिस्टर. अन्ना पास," ते म्हणाले, आणि पुढे ओरडले, "हो गया, अन्ना. सायरन बंद करो. अब बोलना नक्को."

सायरन बंद झाला. सर स्ट्रेचरचे पट्टे सोडून उठायला लागले.

"सर, झोपून राहा," पुढून आवाज आला. "रस्ता खोदलाय."

सर मुकाट्याने परत आडवे झाले. मी दांडा धरला.