फ्रेंच चॅनेलसाठी पडायची कुस्ती

२०१८ साली मी अडुसष्ट वर्षांचा होतो. ताक-हळद घातलेल्या मातीचा वास आला की ती सकाळ आठवते. फ्रान्सचं एक चॅनेल आमच्या तालमीत शूटिंगला आलतं. माझ्या धाकट्या लेकानं जोडीदाराला चितपट केलं, तर त्यांचा पुण्याचा दुभाषा म्हणाला, "वस्ताद, यांच्या कंपनीची चार फ्रेंच चॅनेलं आहेत, चारही ठिकाणी दिसेल. आता याला एकदा मुद्दाम पडायला सांगा." लेक म्हणाला, "आबा, खोटंच हाय की, पडतो एकदा." मी त्याच्या कानशिलात अशी हाणली की नाकातलं रक्त मातीत सांडलं. "पाठ विकतोस व्हय?" म्हणत कॅमेराही लाथेनं उडवला. दुसऱ्या दिवशी पहाटे लेक तालमीत आला, पण माझ्याकडं बघंना. मी लंगोट कसून त्याच्यापुढं उतरलो आणि मुद्दाम पडलो.