पालथा खल

आमच्या ह्यांच्या मित्रानं मला जेवढे धक्के दिलेत, तेवढे घरातल्या जुन्या गिझरनंही दिले नसतील. मी त्यांना भाऊजी म्हणते. भरवेलीच्या खाणीत फिटर म्हणून जन्म काढला, आणि निवृत्त झाल्यावर लोक तीर्थाला जातात तसे हे टर्नटेबलांच्या मागे लागले. रेकॉर्डवर सुई धरणारा जो दांडा असतो, तो टोनआर्म. तो बसवायची बैठक भाऊजी स्वतः घडवतात. सामान मात्र दुसऱ्याच्या घरचं. एकदा आल्याचा चहा करायला मी पितळी खल शोधत होते, तर तो सापडला भाऊजींच्या घरी, त्यांच्या टेबलावर पालथा, बुडाला भोक पाडलेला, आणि त्यात दांडा उभा.

"वैनी, पितळ थरथरत नाही," ते शांतपणे म्हणाले. "आन् अद्रक काय, पाट्यावरही ठेचता येते."

लालबर्‍याच्या एका राईस मिलवाल्या शेठनं मोटारीच्या किमतीचं टर्नटेबल आणलं आणि पारखायला भाऊजींना बोलावलं. गंमत बघायला मीही गेले. भाऊजींनी आधी पंखा बंद करवला, मग पिशवीतून हातभर लांब पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, काढला. खाणीत मोटारीचं बेअरिंग ऐकायचे तसं एक टोक त्या चकचकीत यंत्राला लावलं, दुसरं कानाला. शेठ त्याच्याच तांदळासारखा पांढरा पडला.

"भैया, ये क्या कर रहे हो?"

"चूप राहा थोडं. थे बोलून राह्यलं."

पाच मिनिटांनी निकाल लागला. "मशीन सोन्यासारखी हाय शेठ, पण चिखलात उभी केली तुम्ही. टेबल बदला."

या वेडाचं मूळ माझ्या एका पराक्रमात आहे. लग्नाच्या पहिल्या वर्षी ह्यांनी आवडीची रेकॉर्ड आणली. सुई जरा उड्या मारते म्हणून मी, गल्लीतली एकमेव शास्त्रज्ञ, तिच्या डोक्यावर रुपयाचं नाणं चिकटवलं आणि शेजारणींना बोलावून दाखवलं. सुईनं रेकॉर्ड नांगरून काढली. तेव्हापासून दुसऱ्या कडव्यात गाणं अडकायचं. हे एक शब्द न बोलता खुर्चीतून उठायचे, बोटानं सुई पुढं सरकवायचे आणि परत येऊन बसायचे. जन्मभर. ते गेल्यावर मी ती रेकॉर्ड लावलीच नाही. भाऊजींनी मात्र मनावर घेतलं होतं, "माह्या दोस्ताचं गाणं मी शेवटापर्यंत नेतो."

दिवाळीआधीच्या एका रविवारी नेलं. आमचाच जुना प्लेअर, माझ्याच खलाची बैठक लावून, त्यांनी परत आणला. सुई अडकायच्या जागी आली आणि सरळ पुढं निघून गेली. मी हबकून रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. त्या कडव्याला आता कुणी उठायचं कारणच उरलं नव्हतं.

"भाऊजी, पहिल्यासारखं करून देता का?"

त्यांनी खलावरची धूळ बाहीनं पुसली. "बिघडवाचं मले नाही येत, वैनी."

आता दर रविवारी ते येतात, गाणं लागतं. दुसऱ्या कडव्याला मीच गुडघे धरून उठते, प्लेअरपर्यंत जाते आणि परत येऊन बसते. भाऊजी तेवढा वेळ मान खाली घालून बैठकीचा एक स्क्रू कसत असतात. तो स्क्रू कधीच ढिला नसतो.